दहावीला चांगले मार्क आहेत, डॉक्टर व्हायचंय: नागपुरात अकरावीचं कॉलेज कसं निवडायचं

दहावीचा निकाल लागला की आमच्या उमरेडच्या घरी कोणी ना कोणी पेढे घेऊन येतंच आणि पेढा हातावर ठेवता ठेवताच विचारतं, ताई, पोरीला ९४ पडले, नीट द्यायची म्हणते, नागपूरचं कोणतं कॉलेज बेस्ट? फोनवर हे इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदाचं सगळं लिहूनच काढते. मी स्वतः उमरेडहून दहावी करून नागपूरला गेले, बारावी झाल्यावर एक वर्ष ड्रॉप घेतला, २०१९ ला सरकारी एमबीबीएसला लागले आणि सध्या सरकारी सेवेच्या बाँडवर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) आहे. यंदा माझा धाकटा भाऊ अकरावीला आहे त्यामुळं नवीन नियम, पोर्टल, फॉर्म हे सगळं परत एकदा त्याच्यासोबत बसून केलंय.

आधीच सांगते, "बेस्ट कॉलेज" हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवा. मेडिकलची अ‍ॅडमिशन नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर होते. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, इंग्रजीत पास लागतं, बस. तुम्ही बारावी कोणत्या नावाच्या कॉलेजातून केली याला मेरिट लिस्टमध्ये शून्य किंमत आहे. मग कॉलेज निवडायचं कशावरून? तर माझ्या मते ते तुमचे किती तास खातं आणि त्या तासांच्या बदल्यात काय देतं यावरून. हुशार पोरांकडं दोन वर्षांत कमी पडतात ते तास. बाकी डोकं असतं, इच्छा असते, घरचे पाठीशी असतात, पण वेळ नसतो.

आधी परीक्षा नीट समजून घ्या

हे बऱ्याच घरी होतच नाही, डायरेक्ट क्लासच्या डेमोला जातात. नीट ७२० मार्कांची. १८० प्रश्न, प्रत्येकी ४ मार्क, चुकलं तर १ कापतात. फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोलॉजीचे ९०, म्हणजे निम्मा पेपर बायोलॉजी. २०२५ पासून वेळ बरोबर १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, त्यातच ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोळे काळे करायचे. आणि हा पेपर मे महिन्यात असतो, दुपारी, नागपूरच्या उन्हात. पोराचं वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे, हे लवकर शाळेत घातलेल्यांनी आत्ताच मोजून घ्या.

सिलॅबस एनसीईआरटीचा, म्हणजे सीबीएसईला जी केंद्राची पुस्तकं असतात त्यांचा, धरून चालायचं. नॅशनल मेडिकल कमिशननं (एनएमसी) तो २०२४ च्या परीक्षेसाठी बदलला, काही धडे काढले काही टाकले, म्हणून सीनियरच्या जुन्या नोट्स घेताना नवीन यादी समोर ठेवूनच घ्या. स्टेट बोर्ड की सीबीएसई हा वाद आमच्याकडं लय चालतो. माझं मत असं की पोरगं स्टेट बोर्डात शिकलंय तर निव्वळ नीटसाठी बोर्ड बदलू नका. आपली बारावीची पुस्तकं २०२० ला बदलली आणि विषय बहुतेक तेच आहेत, फक्त मांडणी वेगळी. बायोलॉजीला एनसीईआरटी ओळ न ओळ वाचायचीच आहे, मग तुमचं बोर्ड कोणतंही असो. ज्याचं शिक्षण आधीपासून सीबीएसईत झालं त्यानं मात्र तिथंच राहावं.

मराठी किंवा सेमी मीडियममधून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण अकरावी-बारावी सायन्स इथं इंग्रजीतच शिकवतात, आणि भाषांतरात कुठं घोळ झाला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. मी दहावीपर्यंत तंतुकणिका आणि हरितलवक म्हणणारी पोरगी, अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गात मायटोकॉन्ड्रिया म्हटलं की माझं डोकं आधी ते मराठीत आणायचं, मग समजायचं, आणि तोपर्यंत सर पुढं गेलेले. मग मी एक दोनशे पानी वही केली, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी, रोज वीस. दिवाळीपर्यंत ती वही बंद करता आली. मीडियमला घाबरून कोणी सायन्स सोडू नका, ही फक्त तीन-चार महिन्यांची अडचण आहे.

बारावी कुठून करायची, हा सगळ्यात महाग पडू शकणारा निर्णय

एमबीबीएसच्या सरकारी जागांत ८५ टक्के राज्य कोटा असतो आणि १५ टक्के ऑल इंडिया कोटा. त्या ८५ टक्क्यांत बसायचं तर साधारण नियम असा की महाराष्ट्राचा डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला, पाहिजे आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास पाहिजे. काही अपवाद आहेत, बदली होणाऱ्या सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी वगैरे, पण ते सगळ्यांना लागू नाहीत. आता नागपूरहून दरवर्षी पोरं क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात, हैदराबादला जातात, आणि तिथंच एखाद्या शाळेत बारावीला नाव टाकून देतात. बाप्पा, त्या एका सहीनं राज्य कोट्यातला हक्क जाऊ शकतो! म्हणजे नागपूरच्या गव्हर्नमेंट मेडिकलच्या २५० जागा, मेयोच्या (इंदिरा गांधी सरकारी मेडिकल कॉलेज) २०० जागा, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, अकोला, आणि २०२४ ला सुरू झालेली भंडारा, गडचिरोली, अमरावतीची सरकारी कॉलेजं, या सगळ्यांतली मोठी वाटणी हातची गेली. मिहानचं एम्स तसं आहे की तिथं राज्य कोटाच नाही, सगळं ऑल इंडिया. बाहेर क्लासला पाठवायचं असेल तरी बारावी महाराष्ट्रातूनच होईल हे आधी पक्कं करा आणि त्या वर्षीची, मेडिकलचे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची माहिती पुस्तिका डोळ्यांनी वाचा, क्लासवाल्यानं सांगितलं एवढ्यावर जाऊ नका.

आणि अजून एक, घरातले मोठे सांगतात की बारावी विदर्भातूनच कर नाहीतर विदर्भातलं मेडिकल मिळणार नाही. ते खोटं सांगत नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे. पूर्वी ७०:३० चा फॉर्म्युला होता, ज्या विभागातून बारावी केली त्या विभागातल्या जागांवर ७० टक्के हक्क. मी २०१९ ला लागले तेव्हा तो होता. २०२० मध्ये सरकारनं तो रद्द केला. त्यामुळं मामा पुण्यात राहतात आणि पोरीची तिथं चांगली सोय आहे तर पाठवायला त्या बाजूनं काही हरकत नाही, महाराष्ट्राच्या आत आहे ना, झालं.

नकाशा काढा, खरंच कागदावर काढा

इथं मी स्वतः चुकले म्हणून जरा जास्त लिहिते.

मला दहावीला ९५ च्या वर होते. सगळे म्हणाले एवढे मार्क आहेत तर सगळ्यात वरच्या कटऑफचं कॉलेज घे, खालचं घेतलं तर मार्क वाया. आम्ही तसंच केलं. खोली मिळाली नंदनवनला, कारण गावातल्या एका काकूंच्या ओळखीनं स्वस्तात मिळाली. कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि क्लास लक्ष्मीनगरकडं. तेव्हा मेट्रो नव्हती. सकाळी सिटी बसनं कॉलेज, तिथून ऑटोनं क्लास, संध्याकाळी परत बर्डीला (सीताबर्डी) उतरून दुसरी बस. एक दिवस मी घड्याळ लावून मोजलं तर नुसत्या येण्या-जाण्यात आणि थांब्यावर उभं राहण्यात पावणेतीन तास गेले होते. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साडेसोळा तास. रात्री साडेआठला खोलीत यायचे, डबा उघडायचे आणि पुस्तक हातात घेऊन झोपायचे. पहिल्या अटेम्प्टला माझं फिजिक्स जे गेलं ते त्या बसमध्ये गेलं असं मी आजही मानते, अभ्यासाला बसायच्या वेळेला अंगात काही उरायचंच नाही.

म्हणून भावाच्या वेळी आम्ही आधी कागद घेतला. त्यावर तीन टिंबं: झोपायचं कुठं, कॉलेज कुठं, क्लास कुठं. तिन्ही मिळून दिवसाचा प्रवास एक तासाच्या आत बसला पाहिजे, हा नियम केला. या नियमात न बसणारं कॉलेज कितीही नावाजलेलं असो, यादीतून काढून टाकलं. बाबा आधी तयार नव्हते, म्हणाले, "एवढे मार्क घेऊन काहून त्या कॉलेजात जाते पोट्टा?" मग त्यांना माझे ते साडेसोळा तास सांगितले तेव्हा पटलं.

नागपूरचं म्हणाल तर कॉलेजं चारही बाजूंना आहेत. शिवाजी सायन्स काँग्रेस नगरला, हिस्लॉप सिव्हिल लाइन्सला, ते तर १८८३ पासूनचं, धरमपेठ सायन्स अंबाझरीच्या बाजूला, डॉ. आंबेडकर कॉलेज दीक्षाभूमीला, कमला नेहरू सक्करदऱ्याला, शिवाय सोमलवारची ज्युनियर कॉलेजं. काँग्रेस नगर आणि धरमपेठ कॉलेज ही तर मेट्रोची स्टेशनंच आहेत, ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डीला बदलते, त्यामुळं वर्धा रोड किंवा हिंगणा रोडच्या बाजूनं येणाऱ्यांना ही कॉलेजं आता पूर्वीइतकी लांब राहिली नाहीत. नंदनवन, सक्करदरा, मानेवाडा या बाजूला मात्र मेट्रो नाही, तिथं खोली असेल तर तिकडचंच कॉलेज आधी बघा. ही यादी नंबरानं लावलेली नाही, मला कोणाला पहिलं-दुसरं म्हणायचं नाही, तुमच्या टिंबांच्या जवळ कोणतं पडतं ते बघा.

क्लासच्या आधी कॉलेज ठरवायचं की कॉलेजच्या आधी क्लास? दोन्ही सोबत. क्लासच्या बॅचची वेळ आणि कॉलेजची शिफ्ट एकमेकांवर चढत असेल तर शेवटी पोरगं कॉलेजच बुडवतं. कॉलेजात चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारा की अकरावी सायन्सची वेळ काय आणि प्रॅक्टिकल कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत.

डमी, इंटिग्रेटेड, रेग्युलर

रेग्युलर म्हणजे कॉलेजात जायचं आणि क्लास वेगळा. इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेज आणि क्लासची टायअप, एकाच छताखाली सगळं, फी पण एकत्रच. डमी म्हणजे नाव कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, हजेरी कागदावर. बोलताना लोक इंटिग्रेटेड म्हणतात पण आत डमीच असते, असं बऱ्याचदा निघतं.

मला माहीत आहे डमी काहून घेतात, तासच वाचवायला. माझाच मुद्दा आहे तो. तरी मी भावाला डमी घेऊ दिली नाही. एक तर हजेरी. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, राज्य सरकारनं २०१८ मध्ये सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच टायअपमुळं, आणि सीबीएसई पण डमी शाळांवर कारवाया करून राहिली आहे. तपासणी झाली तर भोगायचं पोरानं, क्लासवाल्याला काही होत नाही. आणि ही गोष्ट नेमकी बारावीच्या फॉर्मच्या वेळी उघडी पडते, जेव्हा पोराला एका दिवसाचंही टेन्शन परवडत नाही. दुसरं कारण प्रॅक्टिकलचं, ते खाली सांगते. तिसरं म्हणजे सतरा वर्षांच्या लेकरानं सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत एकाच खोलीत, फक्त टेस्टच्या रँकनं ओळखणाऱ्या लोकांत राहावं हे मला बरं वाटत नाही. कॉलेजात कॅन्टीन असते, गॅदरिंग असतं, कॉमर्सचा एखादा मित्र होतो ज्याला नीटचं काही घेणं-देणं नसतं. अशा मित्रानंच मला पहिल्या अटेम्प्टच्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी फुटाळा तलावावर नेऊन बसवलं होतं.

मधला रस्ता आहे. शहरात अशी कॉलेजं आहेत जिथं थिअरी आणि प्रॅक्टिकल नियमित होतात पण सगळं अर्ध्या दिवसात संपतं, आणि नियमित येणाऱ्या पोराला शिक्षक टेस्टच्या आदल्या दिवशी समजून घेतात. ते शोधा. कसं शोधायचं, तर जाऊन.

कॉलेजात स्वतः जा, आणि लॅब बघा

अ‍ॅडमिशनच्या दिवशी नाही. त्या दिवशी सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं. बारावीचे वर्ग सुरू झाले की एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी अकरा वाजता जा. विदर्भात उन्हामुळं शाळा-कॉलेजं जूनच्या शेवटी उघडतात आणि अकरावीच्या याद्या त्यानंतरही चालू असतात, त्यामुळं हे जमतं. गेटवरून आत गेल्यावर वर्गांकडं बघा, शिक्षक आहेत का, पोरं आहेत का. मग बायोलॉजीची लॅब कुठं आहे ते विचारा आणि नुसतं दारातून बघा. मायक्रोस्कोप कपाटात कुलूप लावून आहेत की टेबलावर? टेबलावर स्लाइड रंगवायच्या सॅफ्रॅनिनचे लाल डाग आहेत का? केमिस्ट्री लॅबमध्ये ब्युरेट स्टँडला लावलेले आहेत का, बेसिन ओलं आहे का? लॅब असिस्टंट दादा भेटले तर नमस्कार करून विचारा, दादा, अकरावीचं प्रॅक्टिकल कोणत्या वारी असतं? दादांनी लगेच वार सांगितला तर समजा होतं. "होईल ना, नंतर होईल" म्हणाले तर समजा नाही होत.

प्रॅक्टिकलला स्टेट बोर्डात प्रत्येक सायन्स विषयाला ३० मार्क असतात आणि थिअरी ७० ची, ते मार्क मिळूनच जातात म्हणून कोणी लक्ष देत नाही. माझ्या कॉलेजात पण जर्नल आम्ही सीनियरचं बघून उतरवलं होतं. मायटॉसिसच्या, म्हणजे पेशी विभाजनाच्या, सगळ्या स्टेजेस मला पाठ होत्या, तरी प्रश्न जरा फिरवून आला की मेटाफेज आणि अ‍ॅनाफेजमध्ये घोळ व्हायचा. ड्रॉपच्या वर्षी ओळखीच्या एका मॅडमनी मला त्यांच्या लॅबमध्ये बोलावलं. पाण्याच्या ग्लासावर कांदा ठेवून तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटलेली होती. मुळाचं एवढंसं टोक कापलं, अ‍ॅसिटोकार्मिन टाकून स्लाइड हलकी गरम केली, वर कव्हर स्लिप ठेवली, ब्लॉटिंग पेपर ठेवला आणि मॅडम म्हणाल्या आता अंगठ्यानं दाब, सरकवू नकोस. मग डोळा लावला आणि फोकस फिरवता फिरवता एका पेशीत ते लाल धागे मधोमध ओळीत उभे दिसले, शेजारच्या पेशीत तेच दोन बाजूंना ओढले गेलेले. पाठ केलेलं सगळं एका मिनिटात जागेवर बसलं. त्यानंतर तो प्रश्न माझा कधी चुकला नाही. आणि पुढं एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातल्या ऊतींच्या, स्लाइड्स समोर आल्या तेव्हा ज्यांनी कधी मायक्रोस्कोपला हातच लावला नव्हता ती चांगल्या रँकची पोरं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

म्हणून कॉलेजाचा बारावीचा निकाल किती टक्के आणि बोर्डावर किती फोटो, यापेक्षा लॅबच्या बेसिनवर माझा जास्त विश्वास आहे.

फोटोंवरून आठवलं, क्लासच्या होर्डिंगवरचे टॉपर बघताना एवढंच विचारा की हे पोरगं दोन वर्ष वर्गात बसलं होतं का नुसती टेस्ट सिरीज घेतली होती. आणि फी हप्त्यांत भरा. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात १६ वर्षांखालच्या पोरांना घ्यायचं नाही, भुलवणाऱ्या जाहिराती करायच्या नाहीत, आणि मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत द्यायची असं लिहिलंय. पावती प्रत्येक वेळी मागा.

विषय: मॅथ्स ठेवायचं का

डॉक्टरच व्हायचं पक्कं असेल आणि गणिताची मनापासून नावड असेल तर फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी (पीसीबी) घ्या, नीटला मॅथ्स लागत नाही. पण गणित बरं येत असेल तर सोबत मॅथ्सही (पीसीएमबी) ठेवून इंजिनिअरिंगचा रस्ता उघडा राहतो. तसं बघितलं तर फिजिक्सला लॉग, त्रिकोणमिती, व्हेक्टर, थोडं कॅलक्युलस लागतंच, मॅथ्स सोडलेल्यांनी तेवढं वेगळं शिकून घ्या, पहिल्या दोन महिन्यांत. बायफोकलचा विषय, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, फिशरी वगैरे, २०० मार्कांचा असतो आणि एक भाषा व एका ऐच्छिक विषयाच्या जागी येतो. टक्के वाढतात हे खरं, पण नीटवाल्याला टक्क्यांचा उपयोग नाही आणि त्याचं प्रॅक्टिकल वेगळे तास खातं. मी तर नको म्हणेन.

फॉर्म भरताना

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया नागपूर शहरात आधीपासून होती, २०२५-२६ पासून ती अख्ख्या राज्यात झाली. म्हणजे आता उमरेड, काटोल, रामटेकचं कॉलेज पाहिजे असेल तरी पोर्टलवरूनच. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर शेजाऱ्याला सांगायला छान वाटणारं कॉलेज टाकू नका, जिथं खरंच जायचं तेच टाका, मग त्याचा कटऑफ तुमच्या मार्कांपेक्षा दहानं खाली का असेना.

कॉलेजचं नाव एकच असलं तरी अनुदानित आणि विनाअनुदानित किंवा सेल्फ फायनान्स तुकडीचे कोड वेगळे असतात आणि फी पण फार वेगळी असते. नाव बघून क्लिक करू नका, कोड वहीत लिहून घ्या आणि कोड जुळवून भरा. मॅनेजमेंट, इनहाउस, मायनॉरिटी हे कोटे वेगळे, त्यांच्यात तुम्ही बसता का ते कॉलेजातच विचारा. पासवर्ड बाबांच्या फोनमध्ये आणि एका कागदावर, दोन्हीकडं ठेवा, सायबर कॅफेवाल्याकडं नाही.

कागदं आत्ताच

जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी. राखीव जागेवर एमबीबीएस घ्यायचं असेल तर ही लागते, आणि ती एका महिन्यात होईल असं धरूनच चालू नका. सायन्सच्या पोरांचा अर्ज कॉलेजमार्फतच जातो. बारावीच्या निकालाची वाट बघू नका, अकरावीत असतानाच आजोबांचे, पणजोबांचे शाळेचे दाखले गोळा करायला घ्या, त्यालाच वेळ लागतो. माझ्या बॅचमध्ये एका मुलीची रँक चांगली होती पण पणजोबांचं दाखल-खारीज रजिस्टर सापडेना, तिचे बाबा भर पावसात तालुक्याच्या जुन्या शाळेत तीन चकरा मारून आले तेव्हा कुठं काम झालं. कधी सरकार मुदतवाढ देतं कधी देत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. डोमिसाइल काढून ठेवा, नॉन क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस लागत असेल तर ते त्या वर्षीच्या तारखेत बसेल असं काढा. कॉलेज निवडताना ऑफिसमधल्या बाईंना विचारून बघा की व्हॅलिडिटीचे अर्ज तुम्ही कधी पाठवता. नीट उत्तर देणारं ऑफिस असलं तर तेही त्या कॉलेजचा मोठा गुण धरा.

पैशाचं थोडक्यात: ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या पोरांनी महाज्योतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, संस्था नागपुरातच आहे, अकरावी सायन्सला प्रवेश घेतलेल्यांना नीटचं फुकट ऑनलाइन ट्रेनिंग आणि टॅब देते. एससीच्या पोरांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी स्वाधार योजना अकरावीपासून आहे. यासाठीही अर्जाच्या तारखा असतात, त्या निघून जातात.

खोली घेताना आधी रात्री जाऊन बघा, समोर डीजेचं दुकान किंवा लॉन आहे का. लग्नसराईत लॉनशेजारी राहून कोणी बायोलॉजी वाचू शकत नाही. डबा कोण देतं, पाणी कसं आहे, आणि एप्रिल-मेसाठी कूलर लावायला खिडकी आहे का, कारण नीटच्या आधीचे शेवटचे दोन महिने त्याच खोलीत काढायचे आहेत.

यादी लागेपर्यंत मधे बराच वेळ रिकामा जातो, फेऱ्या लांबल्या की अकरावीचे वर्ग ऑगस्टपर्यंत नीट सुरू होत नाहीत. तेवढ्यात एनसीईआरटीची अकरावीची फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची पुस्तकं आणून ठेवा. केमिस्ट्रीतला मोल कन्सेप्ट आणि फिजिक्सचा युनिट्स अँड मेजरमेंट हे दोन धडे घरीच उदाहरणं सोडवून करता येतात, आणि बायोलॉजीचा पहिला धडा, द लिव्हिंग वर्ल्ड, तो तर संध्याकाळी आईला मोठ्यानं वाचून दाखवा, माझ्या भावानं तसंच केलं, आईनं मधेच थांबवून विचारलं की आंब्याचं ते लांबलचक नाव परत एकदा सांग, आणि मँगिफेरा इंडिका दोघांच्याही तोंडात बसलं.